राजवाडा आणि समाधीकडची आमची वस्ती

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे मागच्या बैठकीत ठरले, तेव्हा कोणी दिवाळीचे पदार्थ घेतले, कोणी लहान मुलांची दुखणी घेतली, कोणी पंढरपूरची वारी घेतली. गावाचा इतिहास घ्यावयास कोणी तयार होईना. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमचे घर समाधीकडे, तुम्हीच लिहा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु सत्तावीस वर्षे या गावात नांदते आहे, आणि घरी मुलांची पुस्तके असोत, वाचनालयातील असोत, हाती पडेल ते वाचण्याची सवय मला माहेरापासून आहे. तेवढ्या शिदोरीवर हे लिहीत आहे.

आपल्या सिंदखेड राजाला दरवर्षी १२ जानेवारीला लाखो माणसे येतात. पहाटेपासून रस्ता फुलून जातो. सूर्योदयाला जाधव घराण्याचे वंशज जन्मस्थळी पूजा करतात, मग दिवसभर रांगा लागतात. त्या दिवशी आपल्यापैकी कोणाच्याही घरची चूल लवकर विझत नाही, कारण ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, सगळे पाण्याला आणि चहाला येतात. येणाऱ्या बाया जन्मस्थळाच्या खोलीत जातात, माँसाहेबांच्या आणि बाळ शिवबाच्या मूर्तीपुढे हात जोडतात, ओटी भरतात, मुलाला पायरीवर उभे करून फोटो काढतात आणि जिजाऊ सृष्टीकडे निघतात. समाधीकडे त्यांच्यातल्या थोड्याच वळतात. बारवेकडे तर नाहीच. म्हणून मी राजवाड्यापासून सुरुवात करून आमच्या बाजूला येणार आहे.

आपल्या भागात नावापुढे 'राजा' लागलेली गावे पुष्कळ आहेत. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा, किनगाव राजा. माझे माहेर लोणारकडचे. लग्न होऊन आले तेव्हा मला याचे मोठे नवल वाटे, की एका भागात इतके राजे कुठून आले! आत्याबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "काऊन, सारे एकाच राजाचे लेक ना व माय." त्यांनी दोन शब्दांत सांगितले तेच खरे आहे. लखुजीराजे जाधवराव यांच्या वंशाच्या शाखा जिथे जिथे राहिल्या, तिथे तिथे हे राजेपण गावाच्या नावाला चिकटले. जाधवराव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. देवगिरीचे राज्य बुडाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या पांगलेले हे कूळ अहमदनगरच्या निजामशाहीत मानाला चढले, आणि सिंदखेडची देशमुखी लखुजीराजांकडे आली. निजामशाहीत त्यांच्याइतका मातब्बर मराठा सरदार त्या वेळी क्वचितच दुसरा असेल.

त्यांचा राजवाडा आज गावाच्या ऐन तोंडावर, जुन्या मुंबई-नागपूर रस्त्याला लागून उभा आहे. एस. टी.च्या खिडकीतूनसुद्धा त्याचे दार दिसते. ते दार पाहावे आणि मग आत जावे, म्हणजे मन थोडे खट्टू होते. दाराच्या मानाने आत उरले आहे ते थोडे. चौक आहेत, जोती आहेत, तळघरे आहेत, भिंतींतून कोनाडे आहेत. जोत्यांवरून खोल्या किती होत्या आणि माणसांची ये-जा कशी होत असेल याचा अंदाज घरकाम करणाऱ्या बाईला पटकन येतो. इथे माजघर असावे, इथून पाणी आत येत असावे, इथे उन्हाळ्यात बायका बसत असाव्यात, असे मी प्रत्येक वेळी मनाशी मांडत असते. पुस्तकवाल्यांनी तसे लिहिलेले नाही. ही माझी आपली कल्पना. याच वाड्यात पौष पौर्णिमेला, १२ जानेवारी १५९८ रोजी, लखुजीराजे आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी जिजाबाई जन्मल्या.

म्हाळसाबाईंचे नाव काही ठिकाणी गिरिजाबाई असेही येते. माँसाहेबांच्या आईविषयी आपण फार कमी बोलतो. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

वाड्याहून मला जास्त आवडते ते जाधवरावांनी केलेले पाण्याचे काम. आपला मुलूख पाण्याचा नव्हे. मार्च लागला की हंड्यांच्या रांगा आणि एप्रिलात टँकरची वाट, हे कोणा बाईला सांगावयास नको. तीच जमीन आणि तोच पाऊस असताना या माणसांनी गावाच्या आसपास मोती तलाव बांधला, चांदणी तलाव बांधला, बारवा बांधल्या. मोती तलावाची भिंत दगडी, भक्कम. रस्त्यावरून जाताना ती तलावाची भिंत आहे की किल्ल्याचा तट आहे, असा नवख्याला संशय पडावा. चांदणी तलावाच्या मध्यावर पाण्यातच मजल्यांची एक इमारत आहे. पाणी भरलेले असते तेव्हा ती अर्धी बुडते आणि चैत्र-वैशाखात पूर्ण उघडी पडते. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाया कॅलेंडर पाहत नाहीत. चांदणीतल्या इमारतीचे किती दिसते यावरून यंदा पाणी कुठवर पुरेल हे सांगतात, आणि त्यांचे फारसे चुकत नाही.

पुतळा बारव तर पाहण्यासारखीच आहे. दगडात कोरलेल्या मूर्तींमुळे तिला हे नाव पडले. पायऱ्या उतरत खाली गेले की बाहेरचा उन्हाळा वरच राहतो. विहिरीला पायऱ्या का कराव्यात, रहाट बसवला की झाले, असे आजच्या मुलींना वाटेल. पण रहाटावर एकावेळी एक किंवा दोन बाया पाणी काढणार, आणि पाणी खाली गेले की दोर पुरणार नाही. बारवेत पाणी जसजसे खाली जाते तसतसे आपण एक-एक पायरी खाली उतरायचे. दहा जणी एकदम भरू शकतात. बसायला ओटे, टेकायला कोनाडे. ज्याने हे बांधले त्याने पाणी भरणाऱ्या बाईचा विचार केला होता, एवढे मी नक्की म्हणेन. आता या बारवेच्या कठड्यावर पोरे दगडाने आपापली नावे कोरतात. बदामाच्या आकारात दोन नावे कोरणाऱ्याला मी एकदा विचारले, "बाबा, लग्नपत्रिका छापली का?" तो जो पळाला, तो पुन्हा त्या बाजूला दिसला नाही.

नीळकंठेश्वर आणि रामेश्वर ही देवळे मात्र जाधवरावांच्याही आधीची, हेमाडपंती वळणाची. म्हणजे लखुजीराजे इथे आले तेव्हा हे गाव रिकामे नव्हते. त्यांच्याआधी इथे कोणीतरी दगड घडवीत होते, दिवा लावीत होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

रंगमहालाची गोष्ट आपल्याकडे लहान पोरीलाही पाठ असते. रंगपंचमीला वेरूळचे मालोजी भोसले लहानग्या शहाजीला घेऊन आले होते. शहाजी आणि जिजाबाई एकमेकांवर रंग उडवू लागले, आणि लखुजीराजे कौतुकाने म्हणून गेले की जोडा छान दिसतो. मालोजींनी तेवढाच शब्द धरला आणि भरल्या बैठकीत सोयरीक झाल्याचे जाहीर केले. म्हाळसाबाईंना ते रुचले नाही, कारण भोसल्यांचे घर तेव्हा जाधवांच्या तोलाचे नव्हते. ही गोष्ट बखरींतली आहे आणि इतिहास लिहिणारे तिच्यावर सगळा भरवसा ठेवत नाहीत. लग्न १६०५ च्या सुमारास झाले असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, लेकीच्या सोयरिकीची भाषा पुरुषांच्या बैठकीत होते आणि आईला मागाहून कळते, एवढा भाग खरा मानावयास मला काही अडचण वाटत नाही.

पुढे जे झाले ते मात्र बखरीवर सोडण्यासारखे नाही.

निजामशाहीच्या दरबारातून सरदार बाहेर पडत असताना खंडागळे यांचा हत्ती बिथरला. त्याला आवरता-आवरता जाधव आणि भोसले यांच्यातच तलवारी निघाल्या. त्या गर्दीत लखुजीराजांचा मुलगा दत्ताजी संभाजी भोसल्यांच्या हातून पडला. हे संभाजी म्हणजे शहाजीराजांचे चुलतभाऊ. मग मुलाच्या सूडाने लखुजीराजांनी संभाजींना मारले. शहाजीराजे स्वतः जखमी झाले. पुस्तकात ही हकीकत चार ओळींत संपते. त्या घरात जिजाबाई सून होत्या. एका दिवसात सख्खा भाऊ गेला, चुलतदीर गेला, नवरा जखमी होऊन घरी आला, आणि दिराला मारणारा आपला बाप. कोणाच्या मयताला कोणत्या तोंडाने रडावे? माहेरी जावे तर नवऱ्यावर उठलेले माहेर, सासरी बसावे तर भावाला मारणारे सासर. आपल्याकडे दोन घरांत बांधावरून भांडण झाले तरी सुनेचे माहेर वर्ष-वर्ष तुटते. हे तर रक्ताचे होते.

लखुजीराजे मध्यंतरी मोगलांकडे गेले आणि पुन्हा निजामशाहीत परतले. पण बादशहाच्या मनातून त्यांच्याविषयीचा संशय गेला नाही. शके १५५१ च्या श्रावण पौर्णिमेला, म्हणजे २५ जुलै १६२९ रोजी, मूर्तजा निजामशहाने त्यांना दौलताबादच्या किल्ल्यात दरबाराला बोलावले आणि दगा करून मारले. एकट्या त्यांना नव्हे. अचलोजी आणि राघोजी ही दोन मुले आणि यशवंतराव हा नातू, असे चौघे एका वेळी कापले गेले. तीन पिढ्या एका दालनात संपल्या.

श्रावण पौर्णिमा म्हणजे ज्या दिवशी आज आपण भावाला राखी बांधतो तो दिवस. त्या काळी आपल्याकडे राखीची चाल कितपत होती मी सांगू शकत नाही. परंतु दरवर्षी राखी बांधताना मला अचलोजी-राघोजींची आठवण होते, त्याला काय करू? आणि आणखी एक हिशेब मी बोटांवर करून पाहिला आहे, तुम्हीही करून पाहा. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे शिवनेरीवरच्या त्या दिवसाच्या जेमतेम सात महिने आधी माहेरचे चार पुरुष मारले गेले. जिजाबाईंना तेव्हा दिवस गेलेले होते, दुसरा-तिसरा महिना असेल. पहिले दिवस बाईला कसे जातात ते पुरुषांना सांगून समजणार नाही. त्या दिवसांत ही वार्ता त्यांना कोणी आणि कशी सांगितली असेल?

आणि म्हाळसाबाई? त्या सिंदखेडला परत आल्या. याच गावी, याच वाड्यात. नवरा नाही, मुले नाहीत, नातू नाही, आणि मागे निजामशाहीचा रोष. जाधवांची उरलेली मंडळी पुढे मोगलांच्या चाकरीत गेली. लोक याला दोष देतात, की मुलगी स्वराज्याच्या बाजूला आणि माहेर मोगलांच्या. मला तो दोष देववत नाही. ज्या दरबाराने घरातले चार पुरुष मारले त्या दरबारात पुन्हा मुजऱ्याला जायचे की वाट धरायची, हा प्रश्न त्या बाईपुढे होता. लेकीने तिसरी वाट काढली, पण त्याला पुढे पुष्कळ वर्षे लागली. माँसाहेब रायगडाखाली पाचाडला १७ जून १६७४ रोजी वारल्या, राज्याभिषेक डोळ्यांनी पाहून, त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी. त्यांची समाधी पाचाडला, वडिलांची इथे.

आता मी आमच्या वस्तीकडे येते. लखुजीराजांची समाधी मोठी आहे, दगडी, चौकोनी, वळण हेमाडपंती देवळाचे. आजूबाजूला त्यांच्या कुळातल्या माणसांच्या लहान समाध्या आहेत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ते देऊळच वाटले आणि मी आत देव शोधू लागले. सत्तावीस वर्षांपूर्वी या बाजूला घरे थोडी होती. बाभळी, निवडुंग आणि शेळ्या. संध्याकाळी बायका समाधीच्या सावलीत निवडण-टिपण घेऊन बसत. माझ्या थोरल्या मुलाने पहिले पाऊल टाकले ते त्याच ओट्यावर.

समाधीनंतरच्या काळातील गावाची हकीकत उतरणीची आहे, ती मी झरझर सांगते. डिसेंबर १७५७ मध्ये इथे मोठी लढाई झाली. निजामाकडचे रामचंद्र जाधव सिंदखेडात होते. त्यांना दत्ताजी शिंद्यांनी वेढले, आणि नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव या मोहिमेत होते. वय अवघे पंधरा. निजामअली सोडवायला आला, पण शेवटी साखरखेर्ड्याला तह होऊन २५ लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग मराठ्यांना मिळाला. म्हणजे जिजाबाईंच्या नातवाने ज्यांना पेशवाई दिली, त्यांच्याच फौजेने जिजाबाईंच्या माहेराला वेढा घातला होता. नातू म्हणजे खरे तर पणतू, शाहू महाराज. माझी मुलगी शेजारी बसून वाचते आहे, तिने हे सुधारायला लावले.

त्यानंतर १८०३-०४ चा दुष्काळ आणि लुटारूंचा सुळसुळाट. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली या भागातून गेला, त्याने लिहून ठेवले आहे की सिंदखेड चोरांचे आगर झाले असून माणसे उपाशी मरत आहेत आणि त्यांना विचारणारे सरकारच नाही. ज्या गावात मोती तलाव आहे, त्या गावाची ही दशा. तलाव बांधून भागत नाही, गाळ काढणारा आणि पाटावर नजर ठेवणारा धनी लागतो. घरातल्या विहिरीचेही तसेच असते.

शेवटचा घाव १८५१ चा. जाधवांचे वंशज बाजीराव यांच्या पदरी अरब शिपाई होते. त्यांची हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणीशी लढाई झाली, जाधवांची वंशपरंपरेची जहागीर जप्त झाली, आणि बाजीराव १८५६ साली सरकारी कैदी म्हणून दौलताबादला वारले. दौलताबाद! दोनशे सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या किल्ल्यात लखुजीराजे पडले, त्याच ठिकाणी त्यांच्या घराण्याचा हा पुरुषही संपला. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पोळी तव्यावर करपली होती.

वतन गेले, वाड्याला धनी उरला नाही, पुढे पावसाळे लागले. आणि पडक्या वाड्याचे दगड कुठे जातात हे आपल्याला काय ठाऊक नाही? घडीव दगड फुकटात मिळत असता कोण खाणीवर जाईल? आपल्या गावातल्या जुन्या घरांच्या जोत्यांत, उंबऱ्यात, गोठ्याच्या कुडात नीट पाहिले तर छिन्नीचा हात ओळखू येतो. काळाकोटाच्या भिंती तेवढ्या आपल्या जाडीमुळे वाचल्या. त्या उंच, काळ्या, प्रचंड, आणि काम अर्धवट राहिलेले. त्या भिंतीतला दगड हलवायला हत्तीच पाहिजे.

आमच्याही घराच्या मागच्या भिंतीत असे दगड होते. घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेले. खाली दगड, वर माती. चार वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या झडीत ती भिंत रात्री खचली. देवाच्या कृपेने त्या खोलीत कोणी नव्हते. सकाळी मातीचा ढीग उपसताना आतून एक दगड निघाला. त्याच्या एका बाजूला अर्धे कमळ कोरलेले. ती कोरीव बाजू भिंतीच्या आतल्या अंगाला होती. म्हणजे साठ-सत्तर वर्षे आम्ही त्या भिंतीला टेकून जेवलो आणि आत कमळ आहे हे कोणाला माहीत नव्हते.

भिंत पुन्हा बांधू म्हटले, तर ती सोपी गोष्ट नव्हती. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन करावे लागते, असा २०१० सालापासूनचा कायदा आहे. दुरुस्तीलाही परवानगी लागते. आमच्या ह्यांनी अर्ज केला. कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेला, नकाशा मागितला, नकाशा दिला, पुन्हा मागितला. दोन पावसाळे आम्ही ताडपत्रीमागे काढले. आमच्याच गल्लीत एका घरी लग्न निघाले, वर खोली काढता येईना, म्हणून मुलगा जालन्याला बिऱ्हाड करून राहिला. मंडळाच्या बैठकीत एकदा यावर बराच वाद झाला होता, तो तुम्हाला आठवत असेल. बाजारपेठेकडच्या भगिनी म्हणाल्या की समाधीला घरे भिडली तर समाधी उरणार नाही, कायदा बरोबर आहे. आमच्याकडच्या म्हणाल्या की लखुजीराजांना सावली हवी तशी आमच्या सुनेलाही हवी. दोन्हीकडे खरे होते. मला विचाराल तर समाधीला चिकटून सिमेंटचे तीन मजले उठू नयेत या मताची मी आहे. मात्र पडलेली भिंत होती तेवढीच उभी करायला माणसाला दोन वर्षे लागू नयेत. नियम करणाऱ्याने एक पावसाळा ताडपत्रीमागे काढून पाहावा.

मग २०२४ साल आले. समाधीच्या दुरुस्तीचे काम पुरातत्त्व खात्याने हाती घेतले होते. काम चालू असता जमिनीतून काही दगड दिसले. तिथे खोदत गेले तर आधी एका महादेवाच्या देवळाचा पाया लागला. आणि जून महिन्यात, वटसावित्रीच्या पौर्णिमेच्या सुमारास, जमिनीखाली सव्वादोन मीटरवर शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी १.७० मीटर, उंची १ मीटर. आपल्या भागातला काळा खडक नव्हे, मऊ जातीचा दगड, म्हणून कोरीवकाम अगदी नाजूक. शेषावर निजलेले भगवान, पाय चुरणारी लक्ष्मी, खाली समुद्रमंथन कोरलेले, त्यात घोडा आणि ऐरावतसुद्धा. बातमी वाऱ्यासारखी पसरली. आमच्या गल्लीतल्या बाया तर वडाची पूजा झाली होती तशाच, हळदीकुंकवाची ताटे आणि आंब्याची वाणे घेऊन धावल्या. खड्ड्याभोवती दोर लावले होते, आत जाऊ देईनात. एक म्हातारी दोराबाहेरूनच हात जोडून म्हणाली, "देवा, इतके दिस आमच्या पायाखाली निजला होता, अन् आमाले ठाव नाही." मग तिने दोरालाच कुंकू लावले.

मी त्या दिवशी रात्री पुष्कळ वेळ जागी होते. नीळकंठेश्वर-रामेश्वरांविषयी वर लिहिले आहे ते इथे आठवावे. लखुजीराजांची समाधी रिकाम्या माळावर बांधली नव्हती. त्या मातीत आधीच देऊळ होते, देव होता. देऊळ पडले की पाडले की कोणी मूर्ती जपण्यासाठी पुरली, हे जाणत्यांनी शोधून सांगावे. पण आमच्या वस्तीची उमर त्या दिवशी एकदम काहीशे वर्षांनी वाढली. आम्ही आजवर समजत होतो की समाधीमुळे आमच्या जागेला मान आहे. आता कळते की जागा मानाची होती, म्हणून कदाचित समाधी तिथे आली.

मूर्ती कुठे ठेवावी यावर गावात बोलणी चालू झाली. मोठ्या शहरातल्या संग्रहालयात ती नीट राहील, देखभाल होईल, असे कोणी म्हणतात. माझे मत ती इथेच, आपल्या गावी, राहावी असे आहे. १२ जानेवारीला येणाऱ्या बायांना जन्मस्थळानंतर समाधीकडे वळावेसे वाटेल असे काहीतरी या बाजूला असू द्या. आता तर समृद्धी महामार्गही तालुक्यातून गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. त्यामुळे जुन्या रस्त्याने वाड्यासमोरून जाणारी पुष्कळ वाहने तिकडे गेली. हॉटेलवाले, रसवंतीवाले बोलून दाखवतात. आधी माणसे येता-जाता दार पाहून थांबत, आता मुद्दाम वळायला काहीतरी कारण लागेल.

मंडळाकडून दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत, त्या सुचवून ठेवते. पहिली, १२ जानेवारीच्या आधीच्या रविवारी आपण जन्मस्थळाबाहेर रांगोळी काढतो, त्याबरोबर पुतळा बारवेच्या पायऱ्याही झाडाव्यात. दोन तासांचे काम आहे, झाडण्या मी देते. दुसरी, ज्यांच्या घरी जुन्या भिंतीत, गोठ्यात, उंबऱ्याला कोरीव दगड असतील त्यांनी ते फोडू नयेत, त्यावर पाटा-वरवंटा ठेवू नये, आणि निदान मंडळाच्या वहीत त्यांची नोंद करावी. कोणाचे घर, दगडावर काय आहे, किती मोठा आहे, एवढेच. कोणी येऊन घेऊन जाईल ही भीती बाळगू नये, नोंद आपल्याच वहीत आहे.

पहिली नोंद माझी लिहून घ्यावी. समाधीकडची वस्ती, एक दगड, त्यावर अर्धे कमळ, लांबी माझ्या हाताने पावणेदोन हात. भिंत मागच्या मार्गशीर्षात उभी राहिली, पण तो दगड मी तिच्यात पुन्हा घालू दिला नाही. तुळशीवृंदावनाशेजारी ठेवला आहे, कमळाची बाजू वर करून. पोरांना त्यावर बसायची बंदी आहे. मांजर ऐकत नाही.